मधुमक्याला गंधक आणि जस्त: दोन खते, दोन स्वतंत्र निर्णय

नारायणगाव परिसरातील एका शेतकऱ्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मध्यम काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत ठिबकवर ते मधुमका, म्हणजे बाजारातले स्वीट कॉर्न, घेतात. दर हंगामात एकरी एक गोणी डीएपी, युरिया आणि थोडे पोटॅश एवढीच खते दिली जातात. माती परीक्षणात सामू (पीएच, म्हणजे आम्ल-विम्लतेचे माप) 8.2, मुक्त चुना 6 टक्के, सेंद्रिय कर्ब 0.45 टक्के, उपलब्ध गंधक 8.5 पीपीएम (दशलक्ष भागांत इतके भाग) आणि उपलब्ध जस्त 0.48 पीपीएम आले आहे. कृषी सेवा केंद्रातून त्यांना एकरी 10 किलो बेंटोनाइट गंधक आणि 10 किलो झिंक सल्फेट सुचवण्यात आले आहे. त्यामुळे उत्पादन वाढेल, कणसाची गोडी वाढेल आणि जमिनीचा सामूही उतरेल, असेही त्यांना सांगितले गेले आहे. यातले कितपत खरे आहे आणि खर्च कुठे करावा, हे त्यांना विचारायचे आहे.

अहवालातील आकड्यांवरून पाहता दोन्ही अन्नद्रव्ये या जमिनीत कमी आहेत. उपलब्ध गंधकाची आपल्याकडे धरली जाणारी किमान मर्यादा 10 पीपीएम आहे आणि डीटीपीए या रसायनाने मातीतून काढून मोजलेल्या जस्ताची 0.6 पीपीएम. त्यामुळे दोन्ही दिल्यास उत्पादनात फरक दिसण्याची शक्यता चांगली आहे. गोडीबाबतचा दावा बराच फुगवलेला आहे आणि सामू उतरण्याचा दावा या जमिनीपुरता चुकीचा आहे. मात्र गंधक आणि जस्त यांचा निर्णय एकत्र करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गंधकाचा प्रश्न मुख्यतः आपण स्फुरद कोणत्या खतातून देतो यावर सुटतो. जस्ताचा प्रश्न जमिनीच्या रसायनाचा आणि पिकाच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांचा आहे. दोघांची कारणे, दोघांच्या वेळा आणि दोघांचे मागे उरणारे परिणाम वेगवेगळे आहेत.

आधी गंधक घेऊ. मक्यासाठी हेक्टरी 120 किलो नत्र, 60 किलो स्फुरद आणि 40 किलो पालाश ही आपल्याकडची प्रचलित मात्रा आहे. एकरी हिशेब केला तर 48, 24 आणि 16 किलो येते. हे 24 किलो स्फुरद डीएपीतून दिले, तर साधारण एका गोणीत काम भागते आणि गंधक शून्य मिळतो, कारण डीएपीत गंधक नसतो. तेच स्फुरद सिंगल सुपर फॉस्फेटमधून दिले, तर तीन गोण्या, म्हणजे 150 किलो खत लागते. त्यातील 11 टक्के गंधकाच्या हिशेबाने 16.5 किलो गंधक वेगळा पैसा न मोजता शेतात जातो. कमतरतेच्या जमिनीत मक्याला हेक्टरी 30 ते 40 किलो, म्हणजे एकरी 12 ते 16 किलो गंधक पुरेसा मानला जातो. एवढी गरज केवळ स्फुरदाचे खत बदलल्याने भागते. सुपर फॉस्फेटच्या तीन गोण्या वाहण्याचा आणि टाकण्याचा त्रास असेल, तर 20:20:0:13 या मिश्र खताच्या दोन गोण्यांतून 20 किलो नत्र, 20 किलो स्फुरद आणि 13 किलो गंधक मिळतो. या शेतकऱ्यांनी डीएपीऐवजी या दोनपैकी एक खत निवडावे आणि बेंटोनाइट गंधकाचा खर्च वाचवावा, असा माझा पहिला सल्ला आहे.

आपल्या जमिनीत गंधक कमी पडू लागला त्यामागेही हेच कारण आहे. अमोनियम सल्फेट आणि सुपर फॉस्फेट ही खते सर्रास वापरली जात होती तेव्हा गंधक न मागता मिळत असे. पुढे युरिया आणि डीएपीने त्यांची जागा घेतली, शेणखत कमी झाले, एका वर्षात दोन-तीन पिके निघू लागली आणि जमिनीतून जाणारा गंधक परत येण्याचा मार्ग बंद झाला. जमिनीतील एकूण गंधकापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक गंधक सेंद्रिय स्वरूपात असतो आणि तो कुजण्याच्या क्रियेतूनच पिकाला मिळतो. म्हणून सेंद्रिय कर्ब अर्धा टक्क्याच्या खाली असलेल्या जमिनीत गंधकाची कमतरता जवळजवळ गृहीत धरावी.

पिकाच्या दृष्टीने गंधकाचे मोल नत्राच्या संदर्भात समजून घेणे योग्य ठरते. सिस्टीन आणि मेथिओनीन ही दोन अमिनो आम्ले गंधकाशिवाय तयार होत नाहीत आणि ती नसतील तर प्रथिनांची साखळी पूर्ण होत नाही. अशा वेळी मुळांनी घेतलेले नत्र पानांत नायट्रेट व इतर साध्या स्वरूपात पडून राहते, शेतकरी युरियाचा आणखी एक हप्ता देतो आणि तरीही पीक फिकेच दिसते. मक्याच्या झाडात साधारण 15 भाग नत्राला 1 भाग गंधक असावा लागतो. या प्रमाणाने एकरी 48 किलो नत्राबरोबर झाडात तीन किलोंहून अधिक गंधक जायला हवा. दिलेल्या गंधकातला काही भाग पाण्याबरोबर खाली निघून जातो, काही सूक्ष्मजीवांच्या शरीरात अडकतो आणि काही जमिनीच्या कणांवर धरला जातो, म्हणून प्रत्यक्ष शिफारस यापेक्षा बरीच मोठी असते.

गंधकाच्या कमतरतेचे लक्षण ओळखताना नत्राशी गल्लत होते. नत्र कमी पडले की झाड जुन्या पानांतून नत्र काढून नव्या पानांना देते, त्यामुळे खालची पाने शेंड्याकडून मध्यशिरेच्या बाजूने उलट्या ‘व्ही’सारखी पिवळी पडतात. गंधक झाडात इतक्या सहज हलत नाही, म्हणून पोंग्याजवळची नवी पाने फिकट होतात, त्यांवर शिरांमध्ये पुसट पट्टे दिसतात आणि खालची पाने तुलनेने हिरवी राहतात. युरिया देऊनही वरचा पिवळेपणा जात नसेल, तर गंधकाची शंका घ्यावी आणि एकरी 25 ते 30 किलो अमोनियम सल्फेट ओलीवर द्यावे. त्यात साधारण 23 टक्के गंधक सल्फेट रूपात असल्यामुळे तो लगेच उपलब्ध होतो. उभ्या पिकात बेंटोनाइट गंधक देऊन काही उपयोग होत नाही. तो मूलद्रव्य गंधक असतो. जमिनीतील थायोबॅसिलससारख्या जिवाणूंनी त्याचे सल्फेट केल्याशिवाय मूळ त्याला घेऊ शकत नाही आणि या क्रियेला ओलावा, ऊब आणि काही आठवड्यांचा अवधी लागतो. मधुमका 75 ते 85 दिवसांत काढणीला येतो, त्यातले पहिले चाळीस दिवस निर्णायक असतात. म्हणून बेंटोनाइट गंधक वापरायचाच असेल, तर तो पेरणीच्या तीन-चार आठवडे आधी, पूर्वमशागतीत मातीत मिसळावा. थंडीत जिवाणूंचे काम मंदावते, हेही लक्षात ठेवावे.

आता सामूच्या दाव्याकडे येतो, कारण या एका वाक्यावर बराच गंधक विकला जातो. एक किलो गंधकाचे पूर्ण ऑक्सिडीकरण झाले, तर त्यातून तयार होणारे आम्ल सुमारे 3.1 किलो चुना निष्प्रभ करते. दहा किलो बेंटोनाइट गंधकात 90 टक्क्यांप्रमाणे 9 किलो गंधक असतो, म्हणजे जास्तीत जास्त 28 किलो चुना संपेल. एका एकराच्या वरच्या 15 सेंटिमीटर थरातील मातीचे वजन साधारण 9 लाख किलो धरले जाते. त्यात 6 टक्के मुक्त चुना असेल, तर तो 54 हजार किलो होतो. या 54 टन चुन्यासमोर 28 किलोंचा हिशेब कुठेच लागत नाही. गंधकाच्या दाण्याच्या अगदी भोवतालच्या मातीत सामू तात्पुरता उतरतो, तेथे जस्त, लोह आणि स्फुरद थोडे अधिक विरघळते आणि एखादे मूळ तेथे पोहोचले तर त्याला लाभ होतो, एवढेच शास्त्रीयदृष्ट्या खरे आहे. चुनखडीयुक्त जमिनीत अन्न म्हणून गंधक जरूर द्यावा. त्याकडून जमीन सुधारण्याची अपेक्षा मात्र ठेवू नये.

आणखी एका स्रोताकडे शेतकऱ्यांचे लक्ष क्वचितच जाते, तो म्हणजे सिंचनाचे पाणी. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात लिटरला 20 मिलिग्रॅम सल्फेट असेल, तर त्यात सुमारे 6.7 मिलिग्रॅम गंधक असतो. मधुमक्याला हंगामात 30 सेंटिमीटर उंचीइतके पाणी दिले, तर एकरी 12 लाख लिटर होते आणि त्यातून 8 किलो गंधक शेतात येतो. अनेक बोअरच्या पाण्यात सल्फेट याहून कितीतरी जास्त असते. तेथे गंधकाचे खत देऊनही पिकावर फरक न दिसणे स्वाभाविक आहे. धरणाच्या कालव्याचे पाणी घेणाऱ्या शेतात ही मदत सहसा कमी असते. पाणी परीक्षणाचा अहवाल हाताशी असेल, तर गंधकाची खरेदी करण्याआधी त्यातला सल्फेटचा रकाना अवश्य पाहावा. शिवाय सल्फेट पाण्याबरोबर खाली सरकत असल्यामुळे फक्त वरच्या 15 सेंटिमीटरचा नमुना कधी कधी खरी स्थिती दाखवत नाही. खोल काळ्या जमिनीत खालच्या थरात साठलेला गंधक मक्याची मुळे नंतर मिळवतात आणि सुरुवातीचा फिकेपणा आपोआप जातो.

जस्ताची गोष्ट यापेक्षा अधिक गुंतागुंतीची आहे आणि मला या पिकात तीच अधिक महत्त्वाची वाटते. जस्ताच्या कमतरतेला सर्वाधिक संवेदनशील असलेल्या पिकांत मक्याची गणना होते. देशभरातील माती नमुन्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक नमुन्यांत जस्त कमी आढळते. आपल्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत जस्त अजिबात नसते असे नाही. तेथे ते विरघळत नाही, हा प्रश्न आहे. सामू एका अंकाने वाढला की मातीच्या द्रावणातील जस्ताचे प्रमाण सुमारे शंभर पटींनी घटते. चुन्याचे कण जस्ताला धरून ठेवतात आणि पाण्यातील बायकार्बोनेट मुळांच्या शोषणातही अडथळा आणतो. जस्त मातीत पाण्याबरोबर वाहत येत नाही. ते मुळापर्यंत अत्यंत अल्प अंतर, तेही संथपणे, पार करते. म्हणून कोवळ्या रोपाला, ज्याची मुळे अजून पसरलेली नाहीत, त्याची टंचाई सर्वात आधी आणि सर्वात तीव्रपणे भासते.

मधुमक्याच्या बाबतीत यात आणखी एक भर पडते. त्याचे बी सुकल्यावर सुरकुतलेले आणि हलके असते, कारण त्यात पिष्ट कमी साठलेले असते. साध्या मक्याच्या टपोऱ्या दाण्याकडे जी शिदोरी असते ती या बियाकडे नसते, त्यामुळे उगवणीनंतर रोप लवकर मातीवर अवलंबून राहते. नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरमध्ये पेरणी केली, की थंड मातीत मुळांची वाढ आणि जस्ताची हालचाल दोन्ही मंदावतात. तिसऱ्या आठवड्यात पोंग्यातून बाहेर येणाऱ्या पानांच्या बुडाकडच्या अर्ध्या भागात, मध्यशिरेच्या दोन्ही बाजूंना, रुंद पांढरट पट्टे दिसू लागतात. मध्यशीर आणि पानाची कडा बहुधा हिरवीच राहते. पेरे आखूड राहतात आणि रोप बुटके दिसते, कारण वाढीचे संप्रेरक असलेल्या ऑक्सिनची निर्मिती जस्ताअभावी खुंटते.

पट्टे दिसले म्हणजे जस्तच कमी आहे, असा निष्कर्ष मात्र घाईने काढू नये. याच काळात, पेरणीनंतर पंधरा-वीस दिवसांनी, मक्यात टेम्बोट्रिओन या तणनाशकाची फवारणी केली जाते. या गटातील तणनाशके पानांतील हरितद्रव्याचे रक्षण करणारी रंगद्रव्ये बनू देत नाहीत. मधुमक्याचे काही वाण त्यांना संवेदनशील असतात आणि त्यांची पाने पांढरी पडतात. तणनाशकाचा पांढरेपणा फवारणीनंतर काही दिवसांत एकाच वेळी दिसतो, फवारा दुहेरी पडलेल्या ओळींत तो अधिक असतो आणि नंतर येणारी पाने हिरवी निघतात. केवडा रोगात पट्टे अरुंद असतात, पानाच्या लांबीभर जातात आणि सकाळी पानाच्या खालच्या बाजूला पांढरट बुरशी दिसते. लोहाच्या कमतरतेत नव्या पानाच्या पूर्ण लांबीवर शिरांमध्ये बारीक पिवळ्या रेषा येतात. शंका राहिली, तर दहा-बारा झाडांवर जस्ताची फवारणी करून आठवडाभर वाट पाहावी. निदानाची ही पद्धत स्वस्त आणि खात्रीची आहे.

आधीचे पीक कोणते होते, हा प्रश्न मी जस्ताबाबत नेहमी विचारतो. मक्याची मुळे मायकोरायझा या मुळांवर वाढणाऱ्या उपयुक्त बुरशीच्या मदतीने जस्त आणि स्फुरद मिळवतात. कोबी, फ्लॉवर, मोहरी या कुळातील पिकांच्या मुळांवर ही बुरशी वाढत नाही. जुन्नर, आंबेगाव, खेड या भागात फ्लॉवर किंवा कोबी निघाल्यावर लगेच मधुमका लावण्याची पद्धत आहे. तेथे बुरशीची संख्या घटलेली असते आणि त्याच जमिनीत मक्याची रोपे जांभळट, पट्टेदार आणि आखडलेली दिसतात. बराच काळ पडीक ठेवलेल्या किंवा भातासाठी पाणी साचवलेल्या जमिनीतही असेच घडते. शिवाय भाजीपाल्याला भरपूर डीएपी दिलेले असते. जास्त स्फुरदामुळे झाडाची वाढ जस्ताच्या पुरवठ्यापुढे जाते आणि काठावरची टंचाई उघडी पडते. ज्या शेतात उपलब्ध स्फुरद आधीच भरपूर आहे, तेथे स्फुरदाची मात्रा कमी करणे हादेखील जस्ताचा उपाय आहे, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

या शेतकऱ्यांच्या जमिनीत एकरी 10 किलो हेप्टाहायड्रेट झिंक सल्फेट योग्य आहे. त्यात 21 टक्के जस्त असते, म्हणजे 2.1 किलो जस्त मिळते. 33 टक्क्यांचे मोनोहायड्रेट घेतले, तर तेवढ्याच जस्तासाठी साडेसहा किलो पुरते. खरेदी करताना गोणीची किंमत न पाहता एक किलो जस्ताला किती रुपये पडतात ते पाहावे. झिंक सल्फेटमधून गंधकही मिळतो, हे सांगितले जाते आणि ते खरेही आहे, पण 10 किलो हेप्टाहायड्रेटमधून जेमतेम 1 किलो गंधक येतो. त्यावर गंधकाची गरज भागली असे धरू नये. हे खत आठ-दहा पट चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओलसर ठेवून आठवडाभर मुरू द्यावे आणि पेरणीच्या ओळीत, बियाच्या थोडे बाजूला व खाली द्यावे. सेंद्रिय आम्लांमुळे जस्त काही काळ विरघळलेले राहते, आणि ओळीत दिल्यामुळे अल्प अंतर चालणाऱ्या जस्ताजवळ मूळ लवकर पोहोचते. चुनखडीच्या जमिनीत शेतभर फेकून दिलेले झिंक सल्फेट हे मला पैशांचे नुकसान वाटते.

झिंक सल्फेट आणि स्फुरदाचे खत एकत्र मिसळू नये, हे बहुतेकांनी ऐकलेले असते, पण त्याचे कारण डोळ्यांनी पाहिले तर ते कायमचे पटते. डीएपी पाण्यात विरघळवून निवळी घ्यावी आणि तीत झिंक सल्फेटचे द्रावण ओतावे. लगेच दाट, दह्यासारखा साका तयार होतो. हेच जस्त आणि स्फुरद ठिबकच्या टाकीत एकत्र आले, तर दोन्ही वाया जातात आणि ड्रिपर बंद होतात. याच चाचणीचा दुसरा उपयोग भेसळ ओळखण्यासाठी होतो. झिंक सल्फेटमध्ये मॅग्नेशियम सल्फेटची भेसळ केली जाते, कारण दोघांचे स्फटिक सारखे दिसतात. केवळ मॅग्नेशियम सल्फेट असेल, तर तसा दाट साका येत नाही. साका शंकास्पद वाटला, तर उरलेल्या गोण्या न फोडता खत निरीक्षकाकडे नमुना द्यावा. पक्की पावती मात्र आधीच घेऊन ठेवावी.

पेरणीच्या वेळी जस्त द्यायचे राहून गेले असेल आणि पट्टे दिसू लागले असतील, तर फवारणी हाच मार्ग उरतो. 100 लिटर पाण्यात 500 ग्रॅम झिंक सल्फेट आणि 250 ग्रॅम विरलेल्या चुन्याची निवळी मिसळून गुडघाभर पिकावर फवारावे आणि दहा-बारा दिवसांनी पुन्हा फवारावे. चुना आम्लता मारतो आणि कोवळी पाने करपत नाहीत. एकरी 200 लिटर द्रावणातून 1 किलो झिंक सल्फेट, म्हणजे सुमारे 210 ग्रॅम जस्त झाडांवर जाते. झाडाला तेवढे त्या वेळी पुरते, जमिनीची कमतरता मात्र तशीच राहते. चिलेटेड जस्त, म्हणजे सेंद्रिय रेणूने वेढून विरघळलेले ठेवलेले जस्त, लिटरला अर्धा ते एक ग्रॅम या प्रमाणात फवारले, तर चुना मिसळण्याची गरज नसते. लष्करी अळीसाठी पोंग्यात कीटकनाशक द्यायचे असेल, तर झिंक सल्फेट आणि चुना त्याच पंपात घालू नये. फवारणी कणीस धरण्याच्या आधी, पेरणीपासून 20 ते 40 दिवसांच्या दरम्यान पूर्ण व्हायला हवी. तुरा बाहेर आल्यावर दिलेल्या जस्ताने दाण्यातील जस्ताचे प्रमाण थोडे वाढू शकते, पण आखूड राहिलेले झाड लांब होत नाही.

उत्पादनावर नेमका काय परिणाम होतो, हे सांगताना मी काळजी घेतो. गंधक आणि जस्त दोन्ही कमी असलेल्या जमिनीत दोन्ही दिल्यावर झाडाची उंची, पानांचे क्षेत्र, कणसाची लांबी व घेर, आणि कणसातील दाण्यांच्या ओळीतील दाण्यांची संख्या वाढते. त्यातही जस्ताचा परिणाम परागकणांच्या सक्षमतेवर आणि फलधारणेवर अधिक होतो, तर गंधकाचा परिणाम पानांच्या हिरवेपणावर व नत्राच्या वापरावर अधिक होतो. दोघे एकमेकांना पूरक आहेत. जस्त अनेक विकरांत (एन्झाइममध्ये) सिस्टीनमधील गंधकाला बांधलेले असते, म्हणून एकाच्या टंचाईत दुसऱ्याचा लाभ अर्धवट राहतो. पण हे सारे कमतरतेच्या जमिनीसाठी खरे आहे. जस्त 1.5 पीपीएमच्या वर आणि गंधक 15-20 पीपीएम असलेल्या जमिनीत तेच खत टाकून कणसाचे वजन वाढत नाही. जुन्या द्राक्षबागा काढलेल्या जमिनीत वर्षानुवर्षे फवारलेल्या मॅन्कोझेबमधून जस्त साठलेले असू शकते. तेथे परीक्षणाशिवाय झिंक सल्फेट देऊ नये.

कणसाचा शेंडा रिकामा राहतो, ही तक्रारही सर्रास जस्ताच्या माथी मारली जाते. शेंड्याकडचे केस सर्वांत शेवटी बाहेर येतात. तोपर्यंत पराग संपलेला असेल, फुलोऱ्यात पाण्याचा ताण पडला असेल, तापमान फार वाढले असेल किंवा झाडे दाट झाली असतील, तर शेंड्याचे दाणे भरत नाहीत. जस्त पुरेसे असूनही फुलोऱ्यातील दोन पाण्याच्या पाळ्या चुकल्या, तर शेंडा रिकामाच निघणार.

गोडीबाबत माझे मत ठाम आहे. मधुमक्याची गोडी प्रामुख्याने त्याच्या वाणातील जनुकावर ठरते. जुन्या प्रकारच्या गोड मक्यात साखर कमी असते आणि ती लवकर पिष्टात बदलते. आज व्यापारी लागवडीतील अतिगोड संकरित वाणांत साखर जास्त असते आणि टिकतेही अधिक. गंधक आणि जस्तामुळे पान अधिक काळ हिरवे राहिले, तर कणसाला साखरेचा पुरवठा थोडा सुधारतो आणि रिफ्रॅक्टोमीटर या गोडी मोजण्याच्या उपकरणावर थोडा फरक दिसू शकतो. पण केस बाहेर पडल्यापासून 18 ते 22 दिवसांच्या दरम्यान, केस तपकिरी होऊन दाणा नखाने फोडल्यावर दुधाळ चीक येत असताना, पहाटेच्या गारव्यात काढणी करून माल लगेच सावलीत व थंड ठेवणे, यातून मिळणारा फायदा त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. 30 अंश तापमानात साध्या गोड मक्यातील निम्म्याहून अधिक साखर एका दिवसात कमी होऊ शकते. जो शेतकरी दुपारी कणसे तोडून उन्हात ढीग लावतो, त्याच्या मालाला खतातून आलेली गोडी बाजारापर्यंत पोहोचत नाही. चवीच्या बाबतीत गंधकाचा एक नाजूक संबंध मात्र खरोखर आहे. मधुमका उकडताना जो ओळखीचा सुगंध येतो, त्यात डायमिथाइल सल्फाइड या गंधकयुक्त पदार्थाचा मोठा वाटा असतो आणि तो दाण्यातील एस-मिथाइल मेथिओनीनपासून उष्णतेने तयार होतो. गंधकाला चवीत स्थान आहे ते येथे, साखरेत नाही.

कोकणात व गोव्यात भातानंतर रब्बीत मधुमका घेणाऱ्यांसाठी परिस्थिती वेगळी आहे. जांभ्या जमिनी आम्लधर्मी आहेत, त्यामुळे तेथे जस्त विरघळण्याची अडचण काळ्या जमिनीइतकी तीव्र नसते. मुसळधार पावसात सल्फेट वाहून जाते. तेथे बेंटोनाइट गंधकापेक्षा सुपर फॉस्फेट आणि अमोनियम सल्फेट योग्य. आम्लता फार असेल, तर आधी चुन्याचा विचार करावा, आणि चुना दिल्यानंतर जस्त पुन्हा तपासावे.

प्रश्नकर्त्या शेतकऱ्यांनी येत्या हंगामात पेरणीच्या वेळी सुपर फॉस्फेटच्या तीन गोण्या आणि 27 किलो म्युरेट ऑफ पोटॅश द्यावे. मुरवलेल्या शेणखतातले 10 किलो झिंक सल्फेट सुपर फॉस्फेटपासून वेगळे, ओळीच्या दुसऱ्या बाजूस द्यावे. नत्रापैकी तिसरा हिस्सा पेरणीवेळी आणि उरलेले ठिबकमधून फुलोऱ्यापर्यंत हप्त्यांनी द्यावे. सगळे नत्र युरियातून द्यायचे झाले, तर एकरी सुमारे 104 किलो युरिया लागेल. शेतात एका बाजूला सहा ओळी जस्ताशिवाय आणि सहा ओळी गंधकाशिवाय, म्हणजे डीएपीवर, ठेवाव्यात. काढणीच्या वेळी प्रत्येक पट्ट्यातील मधल्या दोन ओळींच्या दहा मीटर लांबीतील कणसे वेगळी तोडून वजन करावे. केस बाहेर येताना कणसाजवळच्या पानांचा नमुना प्रयोगशाळेत दिला, तर अधिक चांगले. त्यात जस्त 20 पीपीएमच्या खाली किंवा गंधक 0.2 टक्क्यांच्या खाली आला, तर पुरवठा अजून अपुरा आहे असे समजावे.

पुढच्या पिकाचा विचार करताना दोघांचा हिशेब पुन्हा वेगळा होतो. एकदा जमिनीत दिलेल्या जस्ताचा लाभ पुढील दोन-तीन पिकांना मिळतो, म्हणून दर हंगामात झिंक सल्फेट देण्याची गरज नाही. गंधकाचे तसे नाही. कणसे काढल्यावर हिरवा मका जनावरांना वैरण म्हणून किंवा मुरघासासाठी विकला जातो, म्हणजे संपूर्ण झाडच शेताबाहेर जाते आणि त्याबरोबर गंधक व पालाशही जातात. त्यानंतर कांदा लावायचा असेल, तर कांद्याची गंधकाची मात्रा पूर्ण द्यावी आणि जस्त मात्र पुढच्या माती परीक्षणात 0.6 पीपीएमच्या खाली दिसले तरच पुन्हा द्यावे.